पियानोतली पाण्याची बरणी

बॅलराट
७ मार्च १९९३

नोलीन मावशी,

तुझा पियानो पाहिला. पत्र वाचून तुझं मन फिरलं तर मला बोल लावू नकोस. तूच म्हणालीस, "डार्सी, तू त्या कारखान्यात झाडू मारतोस ना, मग डोळे उघडे ठेवून मार आणि खरं काय ते कळव."

खरं असं आहे, की वरून तो मेलेल्या माणसाला नवा सूट चढवून पेटीत निजवावं तसा चकाचक दिसतो. अक्रोडाचं लाकूड, मेणबत्त्यांसाठी पितळेचे दोन हात, दर्शनी पाटावर वेलबुट्टी. १९०८ साली जर्मनीहून बोटीतून आलेला. पण मी त्याला उघडा पाहिलाय. बर्नी टिल, म्हणजे ज्याच्या पियानो दुरुस्तीच्या कारखान्यामागे मी झोपतो आणि जो त्या बदल्यात मला राबवतो, त्याने पुढचा पाट काढला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आतून काय निघालं ते ऐक. निरनिराळ्या रंगांच्या केसांचा एक पुंजका, मुठीएवढा. कसर लागलेली लोकर, तिच्यात वळवळणाऱ्या अळ्या. चोखून चिकटवून ठेवलेली गोळी, वर काळे केस उगवलेत असं वाटावं अशी बुरशी. आणि अर्धी कवळी, वरच्या जबड्याची. कवळी पियानोत कशी जाते, मावशी? मी बर्नीला विचारलं. तो म्हणाला, "जुन्या वाद्याला असले प्रश्न विचारायचे नसतात. बादली आण."

आणि त्या पट्ट्या. हस्तिदंत घासताना कसला वास येतो ठाऊक आहे? दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडल्यावर येतो तोच. दातच तो, फक्त हत्तीचा. पिवळे पडलेले ते दात बर्नीने उन्हात फळीवर मांडले, वरून बायका केस पिंगट करायला लावतात ते औषध चोपडलं आणि मला राखणीला बसवलं. राखण करताना पलीकडच्या रस्त्यावर एक माणूस शेळीला गाडीच्या पुढच्या सीटवर बसवायची खटपट करत होता, पट्टा लावून. मी उठून त्याला मदत केली, मग त्याच्याबरोबर तळ्यापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा बर्नीने मला जे काय सुनावलं ते तुला लिहिण्यासारखं नाही.

ते असो. मला तर हे असलं लोकांच्या लाळेत भिजलेलं, नवीन पॉलिश मारलेलं धूड घरात नको वाटलं असतं. अर्थात मला घरच नाही. पण तुला तो का हवा आहे हे मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात तू आईकडे येऊन राहिलीस, आणि शेवटी क्लेमकाका न्यायला आले, तेव्हा मी तिथेच टोस्ट खात बसलो होतो. तू म्हणालीस, "त्या घरात आजवर मी तुझ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकला. आता दुसरं काही वाजणार असेल तर येते. नाहीतर तू एकटा जा, क्लेम." काका बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरं. केवढा असतो तो?"

म्हणून सांगतो, घे. आतली लोकर आता सगळी नवी आहे. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना दाबलेल्या लोकरीचं जाड लाल फेल्ट चढवलंय, तारा नव्या, आवाज भरदार. बर्नीने विचारलं, "जातोय कुठे?" मी म्हटलं, "मॅलीच्या मुलखात, ओयनजवळ, गव्हाच्या शेतावर." तो म्हणाला, "मग तुझ्या मावशीला सांग, आत पाणी ठेवायचं. त्या कोरड्या हवेत लाकूड पापडासारखं तडकतं."

सांगितलं.

तुझा डार्सी


ओयन
२ एप्रिल

डार्सी,

पियानो आला. उतरवायला ट्रकवाले दोघे, शेजारचा राल्फ आणि क्लेम. राल्फ म्हणाला, "नोलीन, यापेक्षा मेंढा घेतला असतास तर स्वतःच्या पायाने आत आला असता." क्लेमने वाकून एक कोपरा उचलला. त्याने आदल्या दिवशी पुढची खोली स्वतः झाडली होती. क्लेमने. केरसुणी घरात कुठे असते ते त्याला ठाऊक आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तुझ्या त्या कवळीचं वर्णन वाचून मी पट्ट्या तीनदा पुसल्या. असलं लिहीत जाऊ नकोस. पाण्याचं म्हणशील तर तुझ्या बर्नीने मला शिकवायची गरज नाही. मॅलीत ज्या घरी पियानो, त्या पियानोत बरणी. माझी आई बीटाची रिकामी बरणी ठेवायची. आमच्या चर्चच्या पियानोत एका वर्षी पाणी घालायचं राहिलं, तर नाताळपर्यंत खुंट्या इतक्या सैल झाल्या की गाणं एका सुरात सुरू व्हायचं आणि दुसऱ्यात संपायचं. मी खालचा पाट काढून पेडलशेजारी मोठ्या तोंडाची बरणी काठोकाठ भरून ठेवली आहे.

बोटं ताठली आहेत, पण वळताहेत. संध्याकाळी जेवणानंतर वाजवते. क्लेम दाराशी खुर्ची ओढून बसतो, बूट बाहेर काढून, मोजे घालून. आजवर हा माणूस जेवून उठला की शेडकडे. काल मी थांबले तर म्हणाला, "ते मघाचं परत." एवढंच.

यंदा पीक उदंड आलं, त्यामुळे कोठारात उंदीर जरा जास्त आहेत. तुला माहीत आहे, मी साप फावड्याने मारलेत, मेंढीच्या जखमेतले किडे बोटांनी काढलेत, पण उंदीर मला चालत नाही. त्याची ती शेपटी. जाऊ दे.

नोलीन मावशी


ह्यूऑनव्हिल, टास्मानिया
२१ एप्रिल

मावशी,

पत्ता बघून दचकू नकोस. बर्नीचं नि माझं वाजलं. शेळीवरून नाही, दुसऱ्याच गोष्टीवरून, मोठी कथा आहे. आता सफरचंदं तोडतो. खोलीत आम्ही सहाजण, एकालाही अंघोळीची ओढ नाही. एक जण पायाची नखं कापून बशीत ठेवतो, का ते त्यालाच माहीत. मी एक कवी भेटल्याचं सांगणार होतो, पण तो कवी नसून नुसताच दारुडा निघाला.

क्लेमकाका मोजे घालून पियानो ऐकतात हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कोणता क्लेम?"

इथे पेपरात आलंय की मॅलीत उंदरांचा सुळसुळाट झालाय, रस्ता हलताना दिसतो म्हणे. पेपरवाले काहीही छापतात. तू "जरा जास्त" लिहिलंस म्हणजे जरा जास्तच असतील. मांजर पाळ.

डार्सी


ओयन
२३ मे

डार्सी,

मला पत्र लिहायची सवय नाही. हे तुझ्या मावशीला कळू देऊ नकोस.

पेपरात आलंय ते कमी आहे. टोस्टरमध्ये उंदीर भाजला गेला, वास आल्यावर कळलं. पलंगाचे पाय रॉकेलच्या डब्यांत ठेवलेत. डुकरांच्या पाठी कुरतडल्या, ती नुसती उभी राहून ओरडतात. राल्फच्या आईचा कान झोपेत चावला. शेडमध्ये पिंप गाडून त्यात पाणी भरलंय, सकाळी फावड्याने उपसतो.

ते पियानोत शिरलेत.

पहिल्यांदा बरणीत तीन सापडले, बुडून फुगलेले. मग रोजच. बाहेर थेंब पाणी नाही, त्यांना वास लागतो. मी पहाटे नोलीन उठायच्या आत पाट काढतो, बरणी रिकामी करतो, विसळतो, स्वच्छ पाणी भरून परत ठेवतो. काही दिवस नुसते मेलेले नसतात, एकमेकांवर चढून वर यायची धडपड करत असतात. मग ते काम मला संपवावं लागतं. आतल्या कोपऱ्यात मी विष लावलेला गहूही टाकलाय.

तिला कळलं तर ती जाईल. पियानो आहे म्हणून ती आहे.

तू त्या कारखान्यात होतास. आत चढू नयेत म्हणून काही करता येतं का ते कळव. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घालू नकोस.

क्लेम


ह्यूऑनव्हिल
४ जून

क्लेमकाका,

तुमचं पत्र मी जेवताना उघडलं, ती चूक झाली.

आता माझं ऐका. मावशी पाणी ठेवते आणि तुम्ही विष. विष खाल्लं की उंदराला तहान लागते म्हणतात. म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून त्यांच्यासाठी खानावळ काढलीय, जेवण एकाचं, पाणी दुसऱ्याचं. आणि विष खाल्लेले सगळेच बरणीपर्यंत पोचत नाहीत. बाकीचे कुठे मरत असतील? आतल्या लाल फेल्टमध्ये. बर्नीने ते इतकं मऊ लावलंय की मी उंदीर असतो तर मीही तिथेच बाळंतपण केलं असतं.

चढू नयेत म्हणून काही करता येत नाही. पेडलच्या फटीतून घोडा जाईल. विष बंद करा. हातमोजे घाला, निदान. आणि मावशीला सांगून टाका. ती काय तुमच्यावर उंदीर पाळल्याचा आळ घेणार आहे?

तुम्ही सांगू नका म्हणालात म्हणून मी सांगत नाही, पण मला हे अजिबात आवडलेलं नाही. इकडे सफरचंदं संपली. डेव्हनपोर्टला कांदे भरायचं काम आहे, तिकडे निघालोय.

डार्सी

ता. क. घरात मोजे घालून बसता तेही बंद करा. बूट घाला. पायाला चावतील.


ओयन
२० जून

डार्सी,

तुला एक सांगायचं आहे, पण क्लेमला यातलं अक्षर कळता कामा नये.

घरात वास आहे. सगळ्याच घरात आहे, दुकानात आहे, पोस्टात आहे, चर्चमध्ये पाद्रीबुवा बोलताना नाकाला रुमाल धरतात. मुताचा उग्र, गोडसर वास, त्याच्याखाली कुजल्याचा. मीठ, साबण, चादरी, सगळ्याला तोच. मी पावाचा तुकडा तोंडात घालते आणि थुंकते. पण पुढच्या खोलीतला वास वेगळा आहे. जास्त ओला.

मला वाटलं पियानोत शिरले. म्हणून मी रोज दुपारी खालचा पाट काढून बरणी बघते. पाणी आरशासारखं स्वच्छ. एक केससुद्धा नाही. बरणीशी आले असते तर पडलेच असते, शेडमधल्या पिंपात पडतात तसे. म्हणजे आत नाहीत. फरशीखाली मेले असतील. मी स्वतःला असं समजावते.

पण डार्सी, मागच्या आठवड्यात वाजवताना डाव्या हाताची एक पट्टी खाली गेली आणि पूर्ण गेली नाही. खाली काहीतरी होतं. मऊ. आणि मग ती आपोआप वर आली, मी बोट काढायच्या आत. मला तोंडाशी आलं. मी गिळलं आणि पुढे वाजवलं.

तू म्हणशील, मग थांबलीस का नाहीस. क्लेम दाराशी बसला होता. तो रोज बसतो. आता बूट घालून बसतो, कोण जाणे का. दिवसभर फावड्याने उंदीर उपसून येतो, हात घासघासून धुतो, बोटांना सगळीकडे चिरा पडल्यात, आणि येऊन त्या खुर्चीत बसतो. त्याला दुसरं काही उरलेलं नाही. गहू गेला, गवताची गंज आतून पोकळ झाली. त्या अर्ध्या तासात त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं. मी ते कसं बंद करू? तोंडाने श्वास घेत मी वाजवते आणि नंतर न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुते.

खरं सांगू? मला आता त्या पियानोची किळस येते. तो माझ्याकडे दात काढून बघतो असं वाटतं. पण हा पियानो मी मागून घेतला. आता नको कुठल्या तोंडाने म्हणू?

नोलीन मावशी


डेव्हनपोर्ट
२ जुलै

मावशी,

तुझं पत्र मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि कांद्याच्या शेडमागे जाऊन बसलो. तिथे एक बाई सिगारेट ओढत होती, तिने विचारलं, "कोणी गेलं का रे?" मी म्हटलं, "नाही, अजून सगळे तिथेच आहेत, तोच घोळ आहे."

मी फार लिहीत नाही. बर्नीशी परवा बोलणं झालं. तो म्हणाला, हिवाळ्यात मॅलीतसुद्धा हवा दमट असते, तेव्हा पियानोतली बरणी काढली तरी चालते. उलट काढावीच. तर आजच काढ. काढून टाक आणि परत ठेवू नकोस. का ते विचारू नकोस, बर्नी म्हणाला म्हणून काढ.

आणि काकांशी बोल. कशाबद्दलही. मी पुढच्या आठवड्यात बोटीने येतो. या वेळी नक्की.

डार्सी


ओयन
२५ जुलै

डार्सी,

तू आला नाहीस. वाटही पाहिली नव्हती, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस.

बर्नीशी तुझं बोलणं झालं नव्हतं. ज्याच्याशी तुझं वाजलं तो तुला हिवाळ्यातल्या हवेबद्दल सांगायला फोन करणार नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुला काही माहीत आहे. पण मी म्हटलं, टास्मानियात बसून पोरगं मॅलीतल्या बाईला पियानो शिकवतंय, आणि बरणी तशीच ठेवली.

नऊ तारखेला क्लेमला ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की पाय टेकवेना, आणि डोळे पिवळे झाले, जुन्या पट्ट्यांसारखे. राल्फने पिकअपमध्ये घालून मिल्ड्युराच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होती. म्हणाली, "उंदरांच्या मुताने होणारा ताप आहे. चिरा पडलेले हात घाण पाण्यात घातले होते का?" क्लेम म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "शेडमधल्या पिंपात?" क्लेम म्हणाला, "तिथे फावडं असतं." ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी क्लेमकडे, आणि क्लेम छताकडे.

मी घरी परतले. दोन दिवस पुढच्या खोलीत गेले नाही. तिसऱ्या दिवशी वास स्वयंपाकघरात यायला लागला, तेव्हा जाऊन पाट काढला.

बरणीत पाणी दिसत नव्हतं. नुसते उंदीर होते, गळ्यापर्यंत, लोणचं भरावं तसे दाबून. वरचे अजून हलत होते, खालच्यांची कातडी सुटून पाण्याचा रस्सा झाला होता. काचेला आतून पंजे चिकटले होते. मी तिथेच गालिच्यावर ओकले. ओकता ओकता मला समजलं. तीन दिवसांत एवढे, आणि मी रोज दुपारी बघत होते ते पाणी आरशासारखं. ते पाणी कोणीतरी रोज आरशासारखं करत होतं. उघड्या हातांनी, कारण रबरी हातमोज्यांचा वास मला लगेच कळला असता.

बरणी मी बाहेर नेऊन रिकामी केली. मीच. मग परत येऊन वरचा पाट काढला. हातोड्यांचं ते लाल फेल्ट आता हातोड्यांवर नव्हतं. त्याची घरटी झाली होती, कापसासारखी पिंजून, तारांच्या मागे एकाला एक लागून, आणि त्यांत पिल्लं, गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली, एकमेकांत मिसळून एकच मांस असल्यासारखी. मधूनमधून आया वाळून चपट्या झालेल्या, विषाने. पट्ट्यांखाली लेंड्यांचा थर. त्याच्यावर मी रोज संध्याकाळी भजनं वाजवत होते.

मी राल्फला बोलावलं. तो लोडर घेऊन आला, आत डोकावला आणि म्हणाला, "पियानोवाल्याला परत पाठवायचा का?" मी म्हटलं, "जाळायचा." तो म्हणाला, "क्लेमला विचारलंस?" मी म्हटलं, "तू लोडर चालव, राल्फ." पोकळ झालेली गवताची गंज तशीही पेटवायची होती. पियानो तिच्यावर ठेवला. पेटल्यावर तारा एकेक करून तुटल्या, आणि आतून ते बाहेर पळाले, पेटलेलेसुद्धा. राल्फच्या कुत्र्याने तोंड फिरवलं. मी शेवटपर्यंत उभी होते. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलटी थांबल्यावर वाटतं तसं वाटलं.

क्लेमला काल घरी आणला. मी काही बोलले नव्हते, म्हटलं घरी गेल्यावर सांगू. तो आत आला, पुढच्या खोलीच्या दारात थांबला. भिंतीवर नुसता फिकट चौकोन. त्याची खुर्ची मात्र होती तिथेच. त्याने विचारलं, "तू काढलास?"

"जाळला."

"म्हणजे बघितलंस."

"सगळं बघितलं. मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "मग तू गेली असतीस."

मला त्याला सांगायचं होतं की मीही तुझ्यासाठीच वाजवत होते, रे मूर्खा, किळस गिळून. पण तो दारात धड उभा राहू शकत नव्हता, म्हणून म्हटलं, "आधी पड जरा," आणि चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तर तो पलंगावर नव्हता. खुर्चीवर चढून, तापातून उठलेला माणूस, कपाटावरून माझी बॅग काढत होता. ती टणक पुठ्ठ्याची, खटक्यांची, जी घेऊन मी तुझ्या आईकडे आले होते. मी कप हातात धरून बघत राहिले. त्याने ती खाली ठेवली, उघडली, आतून ओल्या फडक्याने पुसली, कोपरे बोटाने चाचपले, मग कोरड्या फडक्याने पुसली. पलंगावर माझ्या बाजूला नीट ठेवली. म्हणाला, "आत शिरले नाहीत. वास पण नाही. वाटलं तर हुंगून बघ."

मी हुंगली. खरंच नव्हता. डार्सी, या अख्ख्या घरात, कपाटं, पेट्या, पिठाचा डबा, कशाकशात शिरायचं त्यांनी सोडलं नाही, आणि त्या बॅगेत शिरले नव्हते. खटके इतके घट्ट बसतात.

मी ती उचलून स्वयंपाकघरात नेली. राल्फने मिल्ड्युराहून आणलेलं नवं पीठ, साखर आणि चहाची पुडी तिच्यात भरली, आणि खटके लावले. क्लेम भिंतीला धरून मागे आला होता.

तो म्हणाला, "आणि तुला जायचं झालं तर?"

मी म्हटलं, "पिठाची बॅग घेऊन कोण कुठे जातं, क्लेम? चहा निवतोय, पी."

तुझी,
नोलीन मावशी